एकलहऱ्याच्या वीज केंद्राचं पाणी: किती घेतलं, किती उडालं, किती नदीत परत आलं?

गोदाकाठ (धागाकर्ता)

दरवर्षी १५ ऑक्टोबरचे धरणसाठे जाहीर झाले की नाशकात तीच चर्चा सुरू होते. शहराला किती, शेतीला किती, जायकवाडीला किती सोडायचं. या वाटणीत विजेचाही हिस्सा असतो, पण त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. नाशिकजवळ एकलहऱ्याच्या औष्णिक, म्हणजे कोळशावरच्या, वीज केंद्रात आज २१० मेगावॉटचे तीन संच आहेत, म्हणजे ६३० मेगावॉट. सत्तरीच्या सुरुवातीचे पहिले दोन संच केव्हाच मोडीत निघाले. हे तीन १९७९ ते १९८१ मधले आहेत.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ७ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेनुसार कूलिंग टॉवर असलेल्या जुन्या केंद्रांनी एका मेगावॉट-तासाला ३.५ घनमीटरपेक्षा जास्त पाणी वापरायचं नाही. म्हणजे एका युनिटमागे साडेतीन लिटर. ज्या घराचं बिल महिन्याला २०० युनिटचं येतं, त्या घराच्या विजेमागे ७०० लिटर पाणी गेलं.

आता हीच मर्यादा ६३० मेगावॉटला लावून पाहा. तासाला २,२०५ घनमीटर, दिवसाला सुमारे ५ कोटी ३० लाख लिटर. तिन्ही संच वर्षभर पूर्ण भाराने चालले असं धरलं तर सुमारे ६८० दशलक्ष घनफूट. गंगापूर धरणाची क्षमता ५,६३० दशलक्ष घनफूट आहे, त्याचा हा आठवा भाग झाला. संच वर्षभर पूर्ण भाराने कधीच चालत नाहीत, त्यामुळे हा आकडा कमाल मर्यादेचा आहे, प्रत्यक्ष वापराचा नाही. प्रत्यक्ष वापराचा आकडा आपल्याला सहज वाचता यावा, यासाठीच हा धागा काढतोय.

एकलहऱ्याला ६६० मेगावॉटचा नवा संच यावा ही मागणी जुनी आहे आणि रोजगाराच्या दृष्टीने ती मला पटते. सिन्नरला गुळवंचचा १,३५० मेगावॉटचा प्रकल्प बांधून कित्येक वर्षं बंद पडून आहे, तो सुरू करायच्या हालचाली अधूनमधून ऐकू येतात. हे दोन्ही मार्गी लागायच्या आधी पाण्याचा हिशोब मांडायला हवा असं माझं ठाम मत आहे. जाणकारांनी लिहावं.

---

निवृत्त केमिस्ट

चांगला विषय. माझी नोकरी औष्णिक केंद्रांच्या पाणी प्रयोगशाळेत गेली (एकलहरे नाही, विदर्भात), म्हणून आधी पाणी जातं कुठे ते सांगतो. लोकांना वाटतं बॉयलरला लागतं. बॉयलरचं पाणी डीएम प्लांटमधून क्षार काढून शुद्ध केलेलं असतं आणि तेच तेच फिरत राहतं. त्यात भर घालावी लागते ती अगदी थोडी.

खरं पाणी जातं थंड करायला. या वयाच्या संचांत कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा वीज होतो. चिमणीतून जाते ती सोडली तर बाकीची बहुतेक उष्णता कंडेन्सरमध्ये वाफेचं पाणी करताना बाहेर काढावी लागते. २१० मेगावॉटच्या एका संचाला त्यासाठी तासाला पंचवीस-तीस हजार घनमीटर पाणी कंडेन्सरच्या नळ्यांमधून फिरवतात. ते तापून कूलिंग टॉवरला जातं आणि तिथे माठातल्या पाण्यासारखं, थोडं बाष्प होऊन बाकीचं गार होतं. जे उडतं ते दीड-दोन टक्केच असतं, पण दीड-दोन टक्के कशाचे ते बघा.

आता मुख्य मुद्दा. पाणी उडतं, क्षार मागेच राहतात. ते फार साचले तर नळ्यांना खपली धरते, म्हणून काही पाणी मुद्दाम काढून टाकतात. त्याला आम्ही ब्लोडाउन म्हणतो. क्षार मूळ पाण्याच्या किती पट होऊ द्यायचे, त्यावर सगळं गणित आहे. १०० लिटर बाष्प होत असेल आणि क्षार दुप्पट झाल्यावरच पाणी काढायला लागलात तर ब्लोडाउन १०० लिटर, एकूण गरज २००. तिपटीपर्यंत थांबलात तर ब्लोडाउन ५०, गरज १५०. पाचपटीपर्यंत गेलात तर ब्लोडाउन २५, गरज १२५. बाष्प तितकंच, वीज तितकीच. फरक पडतो तो पाणी आधी किती स्वच्छ केलं, कोणती रसायनं घातली आणि शिफ्टच्या माणसाने झडप किती काळजीने चालवली यावर. साडेतीन लिटरची मर्यादा पाळणं किंवा मोडणं बरंचसं इथे ठरतं.

दुसरी मोठी गळती राखेची. त्यावर नंतर लिहितो.

---

सायखेडेकर

काका, माहिती छान दिलीत. मी खालच्या अंगाचा शेतकरी. द्राक्ष आहे, कांदा आहे. आम्हाला नाशिकहून काय येतं ते पावसाळ्यानंतर डोळ्यांनी दिसतं. पाणवेलींनी नदी काठोकाठ भरते, पुलाला अडकून राहते, मोटारीच्या फूटव्हॉल्व्हमध्ये मुळ्या घुसतात. पाणवेल वाढते ती सांडपाण्यावर, त्याचा दोष वीज केंद्राला मी देणार नाही. पण खाली नांदूरमधमेश्वर आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), आणि आमच्या सगळ्यांच्या विहिरी नदीवर आहेत. त्यामुळे धागाकर्त्यांच्या तीन प्रश्नांपैकी आमच्यासाठी तिसरा सगळ्यात मोठा. परत आलेलं पाणी कसं आहे?

---

मुक्ता पर्यावरण

कायद्याचं थोडक्यात सांगते, कामानिमित्त रोजचा संबंध आहे.

पाणी कायदा १९७४ खाली प्रत्येक केंद्राला प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र लागतं. दिवसाला किती सांडपाणी, कुठे सोडायचं, कोणत्या दर्जाचं, सगळं त्यात लिहिलेलं असतं. दर्जाची मानकं पर्यावरण संरक्षण नियम १९८६ मध्ये औष्णिक केंद्रांसाठी वेगळी दिली आहेत. कूलिंग टॉवरच्या ब्लोडाउनमध्ये मुक्त क्लोरीन लिटरला ०.५ मिलिग्रॅम, जस्त १, क्रोमियम ०.२, फॉस्फेट ५. बॉयलरच्या ब्लोडाउनमध्ये तांबं आणि लोह प्रत्येकी १. राखेच्या तलावातून बाहेर पडणाऱ्या पाण्याला मात्र फक्त सामू (पीएच), तरंगते कण आणि तेल-ग्रीस एवढ्याच मर्यादा आहेत.

१ जानेवारी २०१७ नंतरच्या नव्या केंद्रांना बाहेर सांडपाणी सोडायलाच बंदी आहे. त्यांची पाण्याची मर्यादा आधी २.५ घनमीटर होती, २०१८ मध्ये ती सैल करून ३ केली. हे सैल करणं मला तेव्हाही पटलं नव्हतं. दुष्काळी जिल्ह्यातल्या आणि बारमाही नदीवरच्या केंद्राला एकच आकडा लावायचा, वर तोही वाढवायचा, याचं समर्थन मी करू शकत नाही.

याशिवाय प्रत्येक केंद्राला ३० सप्टेंबरपर्यंत मागच्या आर्थिक वर्षाचं पर्यावरण विवरणपत्र मंडळाला द्यावं लागतं. त्यात पाण्याचा वापर प्रक्रिया, थंड करणं आणि घरगुती असा फोडून लिहायचा असतो. म्हणजे धागाकर्त्यांना हवा असलेला आकडा कुठेतरी दरवर्षी लिहिला जातो.

---

परीक्षार्थी २०२६

एक शंका. पाणी न वापरता हवेनेच थंड करता येत नाही का?

---

निवृत्त केमिस्ट

येतं. एअर कूल्ड कंडेन्सर म्हणतात. झारखंडात उत्तर करणपुराला ६६० चे संच तसे आहेत. थंड करण्याचं पाणी जवळपास पूर्ण वाचतं. पण उन्हाळ्यात हवाच तापलेली असली की निर्वात नीट धरत नाही, तेवढ्याच कोळशात वीज काही टक्के कमी मिळते, खर्चही वाढतो. जुन्या संचाला हे बसवण्यात अर्थ नाही. नवा ६६० चा संच खरंच येणार असेल तर मात्र हा पर्याय टेबलावर असलाच पाहिजे. वीज थोडी महाग पडेल, पण मराठवाड्याशी पाण्यावरून दरवर्षी कोर्टात जाण्याची किंमतही कुणीतरी मोजतंच आहे. परळीचं केंद्र २०१३ आणि २०१५ मध्ये पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं होतं, हे विसरू नका.

---

पंचवटीकर

मला कळत नाही, धरणाचं पाणी द्यायचंच कशाला? चेहेडी आणि पंचकची मलजल केंद्रं (शहराचं सांडपाणी शुद्ध करणारी) नाशिकरोडलाच आहेत, तपोवन आणि आगरटाकळीही फार लांब नाहीत. ते पाणी एकलहऱ्याला द्या, धरणाचं शहराला ठेवा. शहर वाढतंय, २०२७ ला कुंभमेळा आहे. नागपूरने केलंच ना? कोराडीच्या वीज केंद्राला भांडेवाडीच्या मलजल केंद्राचं रोज १३ कोटी लिटर प्रक्रिया केलेलं पाणी जातं.

---

मुक्ता पर्यावरण

पंचवटीकर, नुसतं करता येईल असं नाही, ते धोरणातच आहे. जानेवारी २०१६ च्या राष्ट्रीय वीजदर धोरणात म्हटलंय की मलजल केंद्राच्या ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांनी प्रक्रिया केलेलं पाणी वापरणं बंधनकारक आहे, आणि त्याचा खर्च वीजदरात धरता येईल. एकलहरे नाशिकच्या एकूण एक मलजल केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत आहे.

---

सायखेडेकर

थांबा. इथे माझी हरकत आहे आणि ती नीट ऐकून घ्या.

मलजल केंद्राचं पाणी आज जातं कुठे? गोदावरीत. उन्हाळ्यात आवर्तन नसताना आमच्या पात्रात जे काही वाहतं त्यात बराच भाग तोच असतो. ते तुम्ही कूलिंग टॉवरमध्ये उडवलंत तर आमचं पाणी गेलं. पंचवटीकर म्हणतात तसं वाचलेलं धरणाचं पाणी शहराने ठेवलं, तर नदीत काय उरलं? वरून शहर "पाणी वाचवलं" म्हणून पाठ थोपटून घेणार आणि खाली निफाड-कोपरगावचा शेतकरी कोरडा. सिन्नरच्या प्रकल्पाला नाशिकचं प्रक्रिया केलेलं पाणी द्यायचं ठरलं होतं तेव्हाही खालच्या लोकांनी हेच विचारलं होतं. तेव्हा आम्हाला विकासाचे विरोधक ठरवलं गेलं.

---

पंचवटीकर

दादा, या बाजूने मी विचारच केला नव्हता. पण मग सांडपाणी तसंच नदीत येऊ द्यायचं का? पाणवेलीला खत तेच आहे ना.

---

जलहिशेब

सायखेडेकरांचं म्हणणं बरोबर आहे, आणि या धाग्यात आतापर्यंत आलेल्या मुद्द्यांत मला ते सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पाटबंधारे खात्यात असताना या वाटपाच्या बैठका जवळून पाहिल्या आहेत म्हणून सविस्तर लिहितो.

एखाद्या केंद्राने पाणी "घेतलं" आणि पाणी "संपवलं" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घेतलेल्या पाण्यातून ब्लोडाउन चांगल्या दर्जाचं होऊन नदीत परत आलं तर ते खोऱ्यातच राहिलं. जे बाष्प होऊन गेलं ते खोऱ्यातून गेलं, मग ते मूळ गंगापूरचं असो, दारणेचं असो की चेहेडीच्या मलजल केंद्राचं. स्रोत बदलल्याने बाष्प एक थेंबही कमी होत नाही. स्रोत बदलल्याने एवढंच होतं की धरणात तेवढं पाणी मोकळं होतं. ते कुणाच्या नावावर लिहायचं, भांडण त्याचं आहे.

आपल्याकडे त्यासाठी संस्था आहे. २००५ च्या कायद्याने महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण झालं. घाऊक पाण्याचे दर ते ठरवतं आणि पाण्याचे हक्क ठरवण्याचा अधिकारही त्याला आहे. जायकवाडीला नाशिक-नगरच्या धरणांतून किती सोडायचं हा सप्टेंबर २०१४ चा आदेश याच प्राधिकरणाचा. म्हणजे खोऱ्याच्या दोन टोकांमध्ये पाणी मोजून वाटायची पद्धत आपण स्वीकारली आहे, मनाविरुद्ध का होईना. तीच पद्धत इथे लावा. वीज केंद्राने मलजल घ्यावं, पण त्याच आदेशात लिहून द्यावं की जेवढं धरणाचं पाणी त्यामुळे सुटलं त्यातला ठरावीक वाटा उन्हाळ्यात नदीपात्रात सोडला जाईल. शहराच्या कोट्यात तो परस्पर वर्ग होणार नाही. असा आदेश नसेल तर सायखेडेकरांनी विरोध करावा, मी त्यांच्या बाजूने उभा राहीन.

आणि असा आदेश झाला तर खालच्या गावांचा फायदाच आहे. आज त्यांच्याकडे नत्र-स्फुरद भरलेलं सांडपाणी येतं, त्याऐवजी धरणाचं पाणी येईल. पाणवेलीचं खाद्य तेवढं कमी.

---

सायखेडेकर

लेखी असेल तर माझी हरकत नाही. तोंडी आश्वासनावर आता कुणी बसणार नाही.

---

निवृत्त केमिस्ट

मलजल वापरण्याला तांत्रिक बाजूही आहे, ती न सांगता पुढे गेलो तर उद्या केंद्रवाले म्हणतील जमत नाही. मलजलात अमोनिया असतो. जुन्या कंडेन्सरच्या नळ्या पितळी असतील तर अमोनिया त्यांना चिरा पाडतो, आणि एक नळी फुटली तरी थंड करायचं पाणी बॉयलरच्या शुद्ध पाण्यात शिरतं. फॉस्फेट असतं, ते कॅल्शियमबरोबर नळ्यांवर घट्ट बसतं. जंतूंचा बुळबुळीत थर धरतो तो वेगळाच. म्हणून मनपाच्या केंद्रातून जे बाहेर पडतं ते जसंच्या तसं चालत नाही, पुढची तिसरी प्रक्रिया लागते. ती कुणी उभारायची, कुणी चालवायची, अमोनिया ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर दंड कुणी भरायचा, हे करारात नसेल तर दोन वर्षांत पाइप कोरडा पडतो. नागपूरचं जमलं त्यात पाण्याच्या टंचाईचा धाक मोठा होता.

---

सिन्नरचा वीटवाला

राखेचा विषय अर्धवट राहिला. मी राखेच्या विटा पाडतो. चिमणीआधीच्या यंत्रात पकडलेली कोरडी राख सायलोतून थेट बंद टँकरमध्ये मिळाली तर तिच्याइतका चांगला माल नाही. सिमेंटवाले तीच उचलतात. तीच राख पाण्यात कालवून तलावात नेली की ओली, खडबडीत, भट्टीतल्या जाड राखेत मिसळलेली होते. ती उपसायला, वाळवायला, वाहायला पैसा, आणि विटेची ताकदही सारखी येत नाही. मागे एका ठेकेदाराने ओली राख कोरडीच्या भावाने गळ्यात मारली होती, अख्खा लॉट वाया गेला.

---

निवृत्त केमिस्ट

बरोबर बोललात. आपल्या कोळशात ३० ते ४५ टक्के राख. ६३० मेगावॉट पूर्ण भाराने चालले तर दिवसाला साधारण दहा हजार टन कोळसा, म्हणजे तीन हजार टनांच्या वर राख. त्यातली सुमारे ८० टक्के उडणारी बारीक राख, बाकी भट्टीच्या तळाची. जुन्या पद्धतीने ती पाण्याबरोबर वाहून न्यायची तर एक टन राखेला आठ-दहा टन पाणी लागतं, कधी त्याहून जास्त. म्हणजे जेवढी राख कोरडी उचलली, तेवढं पाणी सरळ वाचलं. तलावातलं वरचं निवळ पाणी पुन्हा पंप करून वापरता येतं, ते सतत चालतंय की पंप दुरुस्तीला पडलाय, हे तपासायला हवं.

३१ डिसेंबर २०२१ च्या राख अधिसूचनेत शंभर टक्के राख वापरायचं बंधन आहे, न वापरलेल्या राखेला टनाला १,००० रुपये भरपाई. राखेचा बांध फुटला तर काय होतं ते जुलै २०२२ मध्ये कोराडीच्या खसाळा तलावाने दाखवलं. राखेचं पाणी शेतात आणि नाल्यात.

---

द्राक्षमळा ओझर

मुक्ताताईंनी वर लिहिलं की राखेच्या तलावाच्या पाण्याला सामू, कण आणि तेल एवढ्याच मर्यादा. ते वाचून थबकलो. कोळशाच्या राखेतून पाण्यात बोरॉन उतरतो हे सर्वमान्य आहे. आणि द्राक्ष व कांदा ही दोन्ही पिकं बोरॉनला नाजूक. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या सिंचनाच्या पाण्याच्या मार्गदर्शिकेत दोघांची सहनशीलता लिटरला ०.५ ते ०.७५ मिलिग्रॅम धरली आहे. आपल्याकडे सिंचनायोग्य पाण्याच्या 'ई' वर्गात बोरॉन २ मिलिग्रॅमपर्यंत चालतो. म्हणजे सरकारी कागदावर सिंचनायोग्य ठरलेलं पाणी आमच्या बागेला जड जाऊ शकतं.

एकलहऱ्याच्या खाली बोरॉन जास्त आहे असं मी म्हणत नाही. मोजायला सांगतोय. नाशिक जिल्ह्याची दोन मुख्य नगदी पिकं ज्या घटकाला नाजूक आहेत तो घटक मानकातच नसावा, हे चुकीचं आहे. ज्यांच्या बागा नदीच्या पाण्यावर आहेत त्यांनी पुढच्या वेळी पाणी परीक्षणाला देताना अर्जावर बोरॉन वेगळा लिहावा. नेहमीच्या तपासणीत बहुधा तो नसतो.

---

परीक्षार्थी २०२६

सगळं सोलरवर नेलं तर? पॅनेल धुवायचं पाणीच काय ते लागेल.

---

जलहिशेब

दिवसाचं बरंचसं जाईल आणि जावंच. पण संध्याकाळी सात ते दहाची मागणी आज तरी कोळशाकडेच येते, आणि दिवसा भार कमी करून संध्याकाळी चढवताना जुना संच प्रति युनिट कोळसाही जास्त खातो, पाणीही. म्हणून वार्षिक सरासरीवर समाधान मानू नये, महिन्यामहिन्याचा आकडा मागावा. एप्रिल-मे मधला वापर सरासरीत लपतो.

---

गोदाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. विशेषतः सायखेडेकरांचे, कारण मी पंचवटीकरांच्याच बाजूने झुकलो होतो.

माहिती अधिकाराचा अर्ज तयार करतोय. एक प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सातपूरच्या उद्योग भवनातल्या कार्यालयात, एक जलसंपदा विभागात. मागायचं ते असं: मागच्या तीन वर्षांची पर्यावरण विवरणपत्रं आणि चालू संमतीपत्र, महिनावार उचललेलं पाणी आणि त्याच महिन्यात तयार झालेले युनिट, कूलिंग टॉवरचं ब्लोडाउन किती आणि कुठे जातं, राखेच्या तलावातून परत वापरलेलं पाणी, किती राख कोरडी गेली आणि किती ओली. २०१४ पासून औष्णिक केंद्रांना सांडपाण्यावर ऑनलाइन मोजणी यंत्रं लावायला सांगितलेलं आहे, त्यांच्या नोंदीही मागतो. जलसंपदाकडे मलजल वापरल्यास सुटणाऱ्या आरक्षणाचं काय करायचं ठरलंय, असा कागद असेल तर तो.

---

मुक्ता पर्यावरण

दोन सुधारणा. "का" आणि "कसं" असे प्रश्न अर्जात नकोत, फक्त कागदपत्रं मागा, नाहीतर तेवढ्यावरून अर्ज फेटाळतात. आणि मंडळाने स्वतः घेतलेल्या नमुन्यांचे तपासणी अहवाल वेगळे मागा, केंद्राने दिलेले वेगळे. दोन्ही शेजारी ठेवून वाचता आले पाहिजेत.

---

द्राक्षमळा ओझर

त्यात बोरॉनची तपासणी कधी झाली असल्यास तिचा अहवाल, हेही घाला. आमच्या गटातले काही बागायतदार याच हंगामात एकलहऱ्याच्या वर आणि खाली अशा दोन्ही ठिकाणचे नमुने द्यायला तयार आहेत. सायखेडेकर, तुमच्या बाजूच्या विहिरींची यादी द्याल का?

---

सायखेडेकर

देतो. नदीकाठच्या आणि नदीपासून लांबच्या, दोन्ही लिहून देतो, म्हणजे तुलना होईल.